पॅरिसला झोपून जा, पण आधी करूळ घाट चढून दाखवा

«सप्रेम नमस्कार. वय 47, उंची पाच फूट तीन इंच, राहणार कळंबा, नोकरी बँकेत. सहा वर्षं बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड करतोय, दोनदा सुपर रँदोनर (एका वर्षात 200, 300, 400, 600 किलोमीटर) झालो. पण 300 किलोमीटरच्या पुढे उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका बधिर होते, मान धरते, आणि बसायच्या जागेचं काय होतं ते इथे लिहीत नाही. युरोपातला एक कारागीर हातानं कार्बनच्या रिकम्बंट, म्हणजे मागे रेलून पाय समोर ठेवून चालवायच्या सायकली बनवतो, वर्षाला मोजक्याच. वजन साडेनऊ किलो, दोन्ही चाकं 700 सी (नेहमीच्या रेसिंग सायकलीएवढी), टायर जास्तीत जास्त 25 मिलिमीटरचा. किंमत 5,200 युरो, निम्मे आगाऊ, गाडी पाच महिन्यांनी. महिनाअखेरपर्यंत पैसे भरले नाहीत तर नंबर पुढच्या माणसाला जाणार. 2027 ला पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही फ्रान्समधली 1,200 किलोमीटरची राइड करायचं मनात आहे. बायको म्हणते, एवढ्या पैशात झोपायचंच असेल तर घरात चांगला पलंग घेऊ. मित्र म्हणतात, नाद खुळा, घेऊन टाक. मी रिकम्बंटवर अजून कधी बसलेलो नाही. काय करू?
— हात बधिर झालेला एक कोल्हापूरकर»

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही शेवटून दुसरं लिहिलंय. ते पहिलं लिहायला हवं होतं.

आगाऊ रक्कम भरू नका. रिकम्बंट घेऊच नका असं मी म्हणत नाही, मी स्वतः 11 वर्षं चालवतोय. पण न बसता, महिनाअखेरच्या धाकानं, आणि ही गाडी, हे तिन्ही एकदम नको. वहिनींचा पलंगाचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही, त्याकडे शेवटी येतो.

माझी पहिली रिकम्बंट जुनी होती, स्टीलची, 17 किलोची. जाहिरात बघून बेंगळुरूहून ट्रान्सपोर्टनं मागवली. तेव्हा माझ्या खात्यावर साध्या सायकलवरच्या 600 किलोमीटरच्या बऱ्याच राइड होत्या, त्यामुळे तोरा होता. विद्यापीठाच्या आवारात पहिल्या शंभर मीटरमध्ये तीनदा पडलो. चौथ्या दिवशी धीर करून शहरात नेली. दसरा चौकात सिग्नल सुटला, मागच्या रिक्षानं हॉर्न दिला, आणि मी उजवा पाय पेडलवर, डावा जमिनीवर अशा अवस्थेत तिथेच. साध्या सायकलवर आपण एका पेडलवर उभं राहून गाडी सोडतो. इथे उभं राहणं हा प्रकारच नाही. बूड सीटवर, पाठ सीटला, पाय समोर, आणि पहिल्याच फेरीत तोल सापडला पाहिजे. तो सापडायला मला तीन आठवडे लागले. चढावर सापडायला चार महिने. आणि पाय तयार व्हायला पूर्ण एक पावसाळा-हिवाळा गेला, कारण आडवं पडून ढकलताना मांडीचे आणि कुल्ल्याचे स्नायू वेगळ्या कोनातून काम करतात. सहा वर्षांची तुमची पायांची कमाई त्यात पूर्ण वापरता येत नाही, निम्मी पुन्हा कमवावी लागते.

आता हाताचं. करंगळी आणि अर्धी अनामिका यांची नस तळहाताच्या बाहेरच्या कडेनं जाते. हँडलवर तासन्तास भार पडला की ती दाबली जाते. हे दुखणं बहुतेक वेळा सायकलीचं नसून मापाचं असतं: हँडल खाली किंवा लांब, सीटचं नाक खाली झुकलेलं, त्यामुळे अंग पुढे घसरतं आणि सगळं वजन मनगटावर. चांगल्या माणसाकडून एकदा बाइक-फिट करून, म्हणजे सायकल अंगाच्या मापाला बसवून घ्या, स्टेम (हँडल धरणारा तुकडा) आखूड करा, हँडलला दुहेरी टेप मारा. 5,200 युरोंच्या तुलनेत हा खर्च चहापाण्यात जमा. राइड संपल्यावरही बधिरपणा दिवसेंदिवस राहत असेल, तर मात्र सायकलवाल्याकडे जाऊ नका, डॉक्टरकडे जा.

रिकम्बंटवर हाताचं हे दुखणं जातं, हे खरं आहे. हातावर वजनच नसतं. मान, मनगट, बूड, तिघांनाही सुट्टी. पण बदली कामगार हजर असतात. पाय कमरेपेक्षा वर राहत असल्यामुळे लांबच्या राइडला तळपाय बधिर होतात, त्यांची आग होते. सीट फार झोपवली तर मान उचलून धरावी लागते, मग मागे आधार लागतो. आणि गुडघे! साध्या सायकलवर पेडलवर किती जोर द्यायचा याला आपल्या वजनाची मर्यादा असते. इथे पाठीमागे सीट आहे, भिंतीला पाठ लावून ढकलल्यासारखा जोर लागतो. जड गिअर रेटत राहिलात तर 200 किलोमीटरमध्येच गुडघा बोलायला लागतो. हलका गिअर, भरभर पाय, ही शिस्त नसेल तर रिकम्बंट घेऊ नये.

मित्रांनी तुम्हाला वेगाचं सांगितलं असणार. ते खोटं नाही. 1933 साली पॅरिसच्या ट्रॅकवर फ्रान्सिस फोर नावाच्या सायकलपटूनं शार्ल मोशेनं बनवलेल्या अशा लोळत्या सायकलीवर तासाभरात 45 किलोमीटरहून थोडं जास्त अंतर कापलं आणि 1914 पासून टिकलेला ऑस्कर एगचा विक्रम मोडला. फोर पहिल्या फळीतला रेसर नव्हता, हेच तर लोकांना झोंबलं. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय संघटनेनं सायकलीची व्याख्या अशी बांधली, की हा प्रकार रेसमधून बाहेर. तुम्हाला त्याची झळ नाही. बीआरएम ही रेस नव्हे, माणसाच्या ताकदीवर चालणारं वाहन तिथे चालतं, आणि पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला तर अशा खास सायकलींचा वेगळा गट सोडतात.

वेगाचा हिशेब मात्र आपल्या रस्त्यावर मांडून बघा. वाऱ्यासाठी लागणारी ताकद वेगाच्या घनानं वाढते, वेग दुप्पट केला की आठपट. म्हणून सपाटीला, ताशी 30 च्या आसपास, आडवं पडलेला माणूस ताठ बसलेल्यापेक्षा बराच फायद्यात असतो. कागलहून निपाणीकडे समोरून वारा असेल तेव्हा मला इतकं बरं वाटतं की थोडी लाजच वाटते. पण तवंदी घाट लागला की वेग येतो आठ-दहावर. तिथे वारा उरतच नाही, उरतं वजन आणि चढ. उभं राहून दोन मिनिटं पाय मोकळे करायची सोय नाही. ताशी सहाच्या खाली गेलात की चाक डुलायला लागतं, आणि त्याच वेळी मागून ट्रक येतो. कार्बनचा मोह इथेच होतो. मग तोही मोजा. तुम्ही, पाणी, सामान आणि सायकल मिळून समजा 90 किलो. पाच किलो जड स्टीलची घेतली तर 95. फरक साडेपाच टक्के. म्हणजे तासाभराच्या चढाला तीनेक मिनिटं. कार्बनमुळे पुढचा दांडा, म्हणजे ज्याच्या टोकाला पेडलचा क्रँक असतो तो बूम, कमी लवतो हा खरा फायदा, तो पायांना जाणवतो. पण 600 किलोमीटरला 40 तास असतात, सरासरी 15 आली, थांबे धरून. आपल्यासारख्यांचे तास चढावर जात नाहीत, कापूरहोळच्या टपरीवर पाठ टेकण्यात जातात. रिकम्बंटची कमाई तिथे आहे. टेकलेलीच पाठ पुन्हा टेकायची गरज पडत नाही. ती कमाई 14 किलोच्या स्टीलच्या गाडीवरही तेवढीच होते.

आणि खड्डा. हा मुद्दा युरोपातल्या कारागिराला सुचणार नाही, म्हणून मीच मांडतो. साध्या सायकलवर खड्डा दिसला की आपण नकळत बूड उचलतो, गुडघे सैल सोडतो. रिकम्बंटवर तुम्ही सीटला चिकटलेले. रंबलर, गतिरोधक, उखडलेली साइडपट्टी, सगळं थेट मणक्यात. त्यात 25 चा टायर म्हणजे हवा 100 पीएसआयच्या आसपास. हायवेच्या सहापदरीकरणात कुठे रस्ता वळवलाय, कुठे खोदलाय. गगनबावड्याच्या वाटेला पावसानं काय ठेवलंय ते दरसाल नवीन. माझ्या गाडीला 32 चे टायर आहेत आणि तरी मी कळे गाव येईपर्यंत दोनदा देवाचं नाव घेतो. ज्या फ्रेममध्ये 28 सुद्धा बसत नाही ती कितीही सुंदर असो, ती आपल्याकडच्या रस्त्यासाठी नाही. कारागिराला विचारा: 32 चा टायर आणि डिस्क ब्रेक बसेल अशी फ्रेम करता का? नाही म्हणाला तर राम राम घाला.

दुसरी अडचण उंचीची. दोन्ही 700 सी चाकं असलेल्या हाय रेसरची सीट जमिनीपासून साधारण दोन फुटांवर असते, आणि तुम्ही त्यावर मागे रेललेले असता. पाच फूट तीन इंचाच्या माणसाचे पाय सिग्नलला जेमतेम बोटांवर टेकतात. चढावर थांबायची वेळ आली की बोटांवरचा आधार पुरत नाही, गाडी आडवी होते. आजच घरी एक करा. भिंतीला कुल्ले आणि पाठ घट्ट लावून जमिनीवर बसा, पाय सरळ, अनवाणी. भिंतीपासून टाचेपर्यंतचं अंतर मोजा. रिकम्बंटवाले याला एक्स-सीम म्हणतात, बूम किती आखूड करायचा ते यावरून ठरतं. हे माप तुम्हाला न विचारता जो कारागीर पैसे मागतो, त्याचा हात कितीही चांगला असो, घाई जास्त आहे. तुमच्यासाठी पुढे 20 इंची आणि मागे मोठं चाक अशी ठेवण बरी. पाय पूर्ण टेकतात. फोटोत तेवढी तडफदार दिसत नाही, एवढंच.

हातानं बनवलेल्या कार्बनबद्दल मला थोडं सविस्तर बोलू द्या, कारण मी शिरोलीत एका फौंड्रीत 31 वर्षं कास्टिंग तपासण्यात घालवली आणि तपासनिसाची खोड जात नाही. हॉलंडच्या मिडलबर्गमधली एम फाइव्ह ही कंपनी कार्बनच्या हाय रेसर कित्येक वर्षं बनवते आहे, तेव्हा प्रकार नवा नाही. प्रश्न एकट्या कारागिराचा आहे. कार्बनचं कापड, त्यावर इपॉक्सी ही चिकट राळ, साच्यात किंवा फोमच्या गाभ्यावर थरावर थर, वरून प्लॅस्टिकची पिशवी लावून हवा ओढायची म्हणजे जादा राळ आणि बुडबुडे निघतात, मग ऊब देऊन पक्कं करायचं. वाळूच्या साच्यात ओतकाम करण्यासारखंच आहे: वरून गुळगुळीत, आत काय झालं ते करणाऱ्याच्या हाताला माहीत. कापड कुठे कोरडं राहिलं, कुठे चुणी पडली, तर रंगाखाली दिसत नाही. आम्ही कास्टिंग टांगून हातोडीनं वाजवायचो. चांगलं असलं तर घंटेसारखं घुमतं, चीर असली तर भद्द वाजतं. कार्बनलाही नाणं वाजवून बघतात, तत्त्व तेच. पेटी उघडल्या दिवशी बूमपासून मागच्या चाकापर्यंत एक रुपयाच्या नाण्यानं टकटक करत जा, आवाज कुठे बसका येतो का ऐका, आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. पुढे कधी पडलात की तीच फेरी पुन्हा. थर आणि जाडी बदलते तिथे आवाज बदलणारच, म्हणून पहिल्या दिवसाचं रेकॉर्डिंग हवं.

कारागिराला तीन गोष्टी लेखी विचारा. आजवर किती फ्रेम केल्या, आणि सगळ्यात जुनी अजून रस्त्यावर आहे का. चालवणाऱ्याचं वजन सामानासह किती धरलंय. आणि इपॉक्सीला ओव्हनमध्ये भाजलंय का नुसतं खोलीच्या तापमानाला वाळवलंय. हे तिसरं फार जणांना सुचत नाही. न भाजलेली राळ साठ-सत्तर अंशांच्या आसपास मऊ पडायला लागू शकते. मे महिन्यात गाडीच्या टपावर काळी फ्रेम बांधून दुपारी बाराला सांगलीहून येऊन बघा, हात लावता येत नाही. युरोपात ती वेळ क्वचित येते. भाजली असेल तर प्रश्न नाही. नसेल तर निदान पांढरा रंग मागा.

बोल्ट कसण्याचं सांगतो, कारण माझं यात नुकसान झालंय. माझ्या दुसऱ्या रिकम्बंटचा बूम कार्बनचा होता. एका दुकानात साखळी बदलायला दिली, पोरानं जाता जाता बूमचा क्लॅम्प अ‍ॅलन कीनं पिळला, मायेनंच पिळला असणार. पंधरा दिवसांनी क्लॅम्पखाली केसाएवढी चीर. लोखंड दाबलं की वाकून सांगतं, कार्बन सांगत नाही. तेव्हापासून मोजून जोर लावणारा पाना, टॉर्क रेंच, माझ्याकडे आहे आणि त्या गाडीला माझ्याशिवाय कुणी पाना लावत नाही. साखळीही नेहमीच्या दोन-अडीच साखळ्या जोडून करावी लागते, मध्ये तिला वाट देणारी आयडलरची छोटी चाकं असतात. ती झिजली की कुठून मिळणार, ते आधी विचारा. बीबी, म्हणजे क्रँकचा आस फिरतो तो भाग, साधी आट्याची असावी, डिरेलर हँगर, म्हणजे मागचा गिअर टांगायचा तुकडा, बदलता येणारा असावा. बाकी सुटे भाग पुण्यात मिळतील असेच निवडा. नाहीतर एका टिकलीएवढ्या पार्टसाठी गाडी दोन महिने भिंतीला.

पैशाचं म्हणाल तर तुम्ही बँकेतले, तरी एक बेरीज चुकवलीत. 5,200 युरो ही कारखान्याच्या दारातली किंमत. त्यात पेटी, विमानभाडं, विमा मिळवा, त्या एकूण रकमेवर कस्टम ड्युटी, आणि ड्युटीसकट जी रक्कम होईल तिच्यावर जीएसटी. 2023 च्या अर्थसंकल्पात सायकलींवरची मूळ ड्युटी 30 टक्क्यांवरून 35 झाली होती. हे दर आणि त्यांची रचना हलत राहते, म्हणून मुंबईच्या एखाद्या कस्टम एजंटकडून आजचा आकडा लेखी घ्या. पूर्ण सायकल आणि नुसती फ्रेम यांना वेगळा कोड लागतो, दोन्हीचा हिशेब मागा. चाकं, गिअर, ब्रेक इथेच घेऊन जोडणं स्वस्त पडेल का ते त्यातून कळेल. हे सगळं घरात दाखवून मगच ठरवा. वहिनींना पलंगाचा भाव माहीत आहे, सायकलीचा खरा भाव तुम्ही अजून सांगितलेला नाही, असा माझा संशय आहे.

मग करायचं काय? या पावसाळ्यात बाइक-फिट करून साध्या सायकलवर एक 300 मारा. बोटं शुद्धीवर राहिली तर निम्मा प्रश्न तिथेच सुटला, आणि रिकम्बंट फक्त हौस म्हणून घ्यायची का ते शांतपणे बघता येईल. हौस हेही कारण आहे, मला मान्य आहे. दुसऱ्या बाजूनं जुनी स्टीलची रिकम्बंट शोधा, पुणे-बेंगळुरूकडे मिळतात. नाही मिळाली तर आपल्याकडे शिवाजी उद्यमनगरची वर्कशॉपं कशाला आहेत? दोन जुन्या सायकली, चौकोनी पाइप आणि टिग वेल्डिंग करणारा चांगला माणूस, एवढ्यावर शिकायची गाडी होते. 20 किलोची होईल, देखणी होणार नाही, पण तुमचा एक्स-सीम आणि सीटचा कोन तुम्हाला पक्का कळेल. महागडी फ्रेम ज्या मापावर करायची, ते माप अशा गाडीवरच ठरतं.

पहिले पंधरा दिवस विद्यापीठात, पहाटे. रंकाळ्यावर नको, तिथे फिरायला येणारे आजोबा कधी वळतील सांगता येत नाही. मग कळंबा, मग वाघबीळ ते पन्हाळा. उसाचा हंगाम सुरू व्हायच्या आत रात्रीचा सराव उरका. तुमचं डोकं खाली असतं, उसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवा असेलच असं नाही, आणि तुम्हीही त्यांना दिसत नाही. सीटमागे उंच झेंडा, दोन लाल दिवे, अंगावर पट्ट्यांचं जाकीट. कुत्र्यांची आणि तुमची नजर एका पातळीवर येते, ते मात्र सवयीनं जमतं. दर चौकात कुणीतरी विचारणार, «ओ, झोपून चालवतायसा व्हय?» मी पहिली दोन वर्षं समजावून सांगायचो, आता नुसता हात करतो.

कसोटी एकच ठेवा. वैभववाडीहून करूळ घाट, सामानासकट, पाय न टेकता वर गगनबावड्यापर्यंत. पुढच्या होळीपर्यंत हा चढ शिकायच्या गाडीवर निघाला, तर खुशाल कार्बनची मागणी नोंदवा, 32 च्या टायरची, तुमच्या मापाची. मात्र ती गाडी हाती येऊन तिच्यावर पाय बसेपर्यंत 2027 चा ऑगस्ट येऊन ठेपेल, आणि पॅरिसच्या 200, 300, 400, 600 च्या पात्रता राइड त्याच वर्षी कराव्या लागतात. तेव्हा 2027 ला तुमची जुनीच सायकल घेऊन जा. 1,200 किलोमीटर, 90 तास, सगळा रस्ता लाटांसारखा वर-खाली. नवी गाडी अंगवळणी पाडायची ती जागा नव्हे. झोपून जायचंच असेल तर 2031 आहे, तेव्हा तुम्ही फक्त पन्नाशी ओलांडलेली असेल.

कारागिराला आजच पत्र लिहा: यंदाचा नंबर सोडतो, पुढच्या वेळी मोठ्या टायरची कराल का, माझा एक्स-सीम इतका आहे. तो काय उत्तर देतो त्यावरून त्याच्याबद्दल बरंच कळेल. आणि माझी 17 किलोची म्हातारी अजून चालू आहे. बूम आखूड करून ठेवतो, माप तेवढं कळवा. विद्यापीठात पडून बघायला ती पुरे आहे.